ड्रिल आणि हातकरवत एवढ्यावर घरी आर्केड कॅबिनेट बांधायचंय (जळगाव)

गिरणाकाठ
राम राम मंडळी. आखाजीला बहिणी माहेरी येतात, त्यांच्यासोबत भाचेकंपनी येते. बाहेर ४४-४५ अंश असतं, त्यामुळे सगळी पोरं दुपारभर घरात कोंडलेली असतात आणि प्रत्येकाच्या हातात एकेक मोबाईल. यंदा त्यांच्यासाठी घरात आर्केड कॅबिनेट उभं करायचं मनावर घेतलंय.

स्टँडाजवळच्या पार्लरमध्ये एक रुपया टाकून आपण जो ‘मुस्तफा’ खेळायचो, म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, तो तसाच खेळायला हवाय. उभं राहून, दांडा धरून, शेजारच्याला कोपर लागेल इतक्या जवळ. मोबाईलवर हे खेळ चालतात, पण दोन जण एका पडद्यासमोर उभे राहून भांडतात ती मजा त्यात नाही.

हत्यारं म्हणाल तर १० एमएमचं ड्रिल मशीन, हातकरवत, गुण्या, टेप, हातोडी. जिगसॉ (विजेवर वर-खाली चालणारी छोटी करवत) नाही, राउटर (लाकूड कोरायचं यंत्र) नाही. फळी ठोकण्यापलीकडे सुतारकाम केलेलं नाही. काम करायला ओट्यावरची पत्र्याची शेड आहे. जुना आय-३ पीसी घरी पडून आहे, मॉनिटर घ्यायचाय. पूर्ण उंचीचं करू की टेबलावर ठेवायचं छोटं? प्लाय की एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी)? आणि ८ बाय ४ ची शीट करवतीने सरळ कापणं माझ्याच्याने होईल का?

लालपरी
सरळ सुताराला द्या भाऊ. दोन दिवसांत करून देईल.

गिरणाकाठ
द्यायचं असतं तर विकतच घेतलं असतं. मला बांधायचंय. मुलगी नऊ वर्षांची आहे, तीही सोबत करणार आहे.

रंधा
मग नीटच करा. मी धुळ्याला फर्निचरच्या कामात आहे, स्वतःच्या घरी असं एक बांधलंय. जे लिहितोय ते हातातून गेलेलं आहे.

पहिली गोष्ट, शीट घरी आणून हातकरवतीने उभी चिरायची नाही. १८ एमएमची ८ बाय ४ शीट साधारण ३०-३५ किलोची असते, एमडीएफची ४० च्या आसपास. एकट्याने ती उचलून, टेकवून, सरळ रेषेत आठ फूट कापणं हे नवख्याचं काम नाही आणि त्यात शिकण्यासारखंही फार काही नाही. पॅनल सॉ, म्हणजे मोठ्या शीटा सरळ कापायचं यंत्र, असलेल्या फर्निचर वर्कशॉपमध्ये किंवा कटिंग करून देणाऱ्या प्लायच्या दुकानात मोठे सरळ काप मारून घ्या. त्यात कमीपणा नाही. सुतारसुद्धा हल्ली तेच करतात. तुमची मेहनत जिथे दिसणार आहे तिथे राखून ठेवा, म्हणजे कंट्रोल पॅनलला, दांडा आणि बटणं बसतात त्या फळीला.

दुसरं, आकार हत्यारं बघून ठरवा. जुन्या मशीनचे ते गोल वळणदार खांदे सुंदर दिसतात, पण त्याला जिगसॉ, टेम्प्लेट आणि राउटर लागतो. तुम्ही बाजूच्या फळ्या फक्त सरळ रेषांत काढा. पाच-सहा सरळ काप, मध्ये दोन तिरके. पडदा थोडा मागे झुकलेला, पॅनल थोडा पुढे उतरता, वर पाटीची पट्टी, एवढ्यावर मशीन ‘मशीन’ दिसतं.

तिसरं, कटिंगला देताना पात्याची जाडी धरा. ८ फुटांच्या शीटमधून बरोबर २-२ फुटांचे ४ तुकडे कधीच निघत नाहीत. प्रत्येक कापात जवळपास ३ एमएम भुसा होतो, ३ काप म्हणजे ९ एमएम गेले. शेवटचा तुकडा आखूड येतो आणि मग फळी बसवली की एका बाजूला फट राहते. रुंदी ६० सेंमी धरा, चारही तुकडे आरामात बसतात.

केळीबाग
रंधाभाऊ, मार्बल कटरला लाकडाचं पातं लावून कापलं तर? आमच्याकडे रावेरला सगळे तसंच कापतात.

रंधा
माहीत आहे, मीही रोज बघतो. नवख्या माणसाला मी ते कधीच सांगणार नाही. ते यंत्र टाईल आणि दगडासाठी बनवलंय, त्याचं गार्ड लाकडाच्या पात्याचा विचार करून दिलेलं नसतं. पातं प्लायमध्ये आवळलं गेलं की यंत्र उलटं अंगावर येतं. ज्यांची बोटं गेलीत ते नवखे नव्हते, दहा-दहा वर्षं काम केलेले होते. गिरणाकाठ, एकच नवीन हत्यार घ्यायचं तर जिगसॉ घ्या. हळू चालते, पण तुमच्या ताब्यात राहते. सोबत दोन शिकंजे, म्हणजे क्लॅम्प. शीटच्या कंपनीतून आलेल्या सरळ कडेची एक पट्टी आडवी शिकंज्याने आवळायची आणि जिगसॉचा तळ तिला चिकटवून न्यायचा. हात थरथरला तरी काप सरळ येतो.

आणि चांगली बाजू खाली ठेवून कापा. जिगसॉचं पातं वर येताना कापतं, त्यामुळे चिरफळ्या वरच्या बाजूला निघतात. हातकरवतीचं बरोबर उलट, तिथे चांगली बाजू वर. रेषेवर मास्किंग टेप लावून त्यावर कटरने एक हलकी चीर मारली तर आणखी स्वच्छ कड मिळते.

मेहरूण
प्लाय-एमडीएफचं कोणी सांगत नाहीये म्हणून मी सांगते. एमडीएफ गुळगुळीत असतं, रंग छान बसतो, स्वस्त पडतं. पण कडेला स्क्रू मारला की फुटतं, आणि पाणी लागलं की कड फुगते ती परत बसत नाही. आपल्याकडे आठ महिने कोरडं रखरखीत आणि मग एकदम पावसाळा. ओट्यावर काम करणार असाल, फरशी रोज पुसली जाणार असेल, तर खालचा भाग तरी प्लायचाच करा. आयएस ३०३ या भारतीय मानकाचा शिक्का असलेली साधी एमआर ग्रेड (दमटपणा सोसणारी) घरात पुरते. खाली ओल येत असेल तर त्याच आयएस ३०३ मधली बीडब्ल्यूआर (पाण्याला जास्त टिकणारी) घ्या. मरीन प्लायची इथे काहीच गरज नाही.

एमडीएफ कापणार असाल तर नाकाला मास्क हवाच. तो भुसा पिठासारखा बारीक असतो, साध्या रुमालाने अडत नाही. मुलगी जवळ असेल तर तिलाही लावा.

गिरणाकाठ
मेहरूणताई, धन्यवाद. मग प्लायच. रंधाभाऊ, सांधे कसे घ्यायचे? मला ना खाच मारता येत ना त्यात बसणारं टोक काढता येत.

रंधा
गरजच नाही. आतून रिपा लावा. २० एमएम चौकोनी लाकडी पट्ट्या घ्यायच्या आणि बाजूच्या फळीला आतून फेव्हिकॉल आणि स्क्रूने जोडायच्या. जिथे जिथे आडवी फळी येणार तिथे एक रिप. मग आडवी फळी त्या रिपेवर टेकते आणि तिलाही आतूनच स्क्रू बसतो. बाहेरून एकही स्क्रू दिसत नाही. १८ एमएमची फळी आणि २० ची रिप मिळून ३८ होतात, म्हणून स्क्रू ३२ एमएमचा. घट्ट बसतो आणि पलीकडे टोक येत नाही. ८ नंबरच्या स्क्रूला आधी ३ एमएमचं भोक पाडायचं, नाहीतर रिप उभी चिरते.

दोन्ही बाजूच्या फळ्यांच्या रिपा एकदम आखा. दोन फळ्या पुस्तकासारख्या उघडून शेजारी ठेवा, एका गुण्याने दोन्हींवर रेघ मारा. म्हणजे डावी-उजवी आरशासारखी येते. वेगवेगळं मोजलं की २-३ एमएमचा फरक पडतोच, आणि मग पडदा तिरका दिसतो.

उन्हाळ्यात फेव्हिकॉलचं एक लक्षात ठेवा. दुपारी पत्र्याखाली लावलात तर फळी जुळवेपर्यंत त्यावर साय धरते आणि पकड येत नाही. सकाळी लवकर चिकटवा, शिकंजा लावा, दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका.

भुसावळ_डाऊन
उंचीबद्दल: पूर्ण उंचीचं पण दोन भागांत करा. खाली स्टँड, वर पेटी, मध्ये चार बोल्ट. आमच्या जुन्या घराला धाब्याचं छत आहे आणि दारं बुटकी. अखंड सहा फुटी कपाट आत नेता येत नाही. शिवाय वरची पेटी आधी तयार होते, टेबलावर ठेवून खेळायला सुरुवात करता येते. स्टँड सवडीने करा.

माझ्या पेटीला मी स्टँड बनवलंच नाही. आजीच्या शिलाई मशीनचं ओतीव लोखंडी स्टँड होतं, त्यावर फळी टाकून पेटी बोल्ट केली. बसून खेळायला उंची बरोबर आली आणि पोरांनी कितीही दांडा खेचला तरी ते हलत नाही. भंगारात देण्याआधी घरात बघा.

आता मॉनिटर, कारण सगळी मापं त्याच्यावरून निघतात. फळी कापायच्या आधी मॉनिटर हातात हवा. जुन्या खेळांचं चित्र ४:३ चं, म्हणजे रुंदी ४ तर उंची ३. आजचा २४ इंची रुंद मॉनिटर घेतलात तर त्याची उंची सुमारे ३० सेंमी, म्हणजे ४:३ चं चित्र ४० बाय ३० सेंमी येतं आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. ऑफिसातून निघालेला जुना १९ इंची चौकोनी मॉनिटर, ५:४ वाला, यावर तेच चित्र जवळपास ३७.५ बाय २८ येतं. फरक दोन-अडीच सेंमीचा, किंमत मात्र कितीतरी कमी. गोलाणी मार्केटात जुने मॉनिटर बघा, चालू करून, पूर्ण पांढरा पडदा लावून डाग तपासून घ्या.

पण दोन जणांना उभं राहायला पॅनल ६० सेंमी तरी हवा, आणि चौकोनी मॉनिटरची बाहेरची रुंदी ४१-४२ च्या घरात असते. उरलेली जागा काळ्या कार्डशीटच्या चौकटीने झाका. जुन्या मशीनमध्येही पडद्याभोवती अशी चौकट असायचीच.

केळीबाग
आमच्याकडे जुना डब्बा टीव्ही आहे, पिक्चर ट्यूबवाला. त्याचं खोकं काढून आत बसवला तर अगदी अस्सल वाटेल ना?

भुसावळ_डाऊन
अस्सल वाटेल, पण खोकं उघडू नका भो. ट्यूबच्या मागे वीस हजार व्होल्टच्या पुढचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो साठून राहतो. टीव्ही दुरुस्तीचं काम शिकलेल्यानेच त्याला हात लावावा. वापरायचाच तर खोक्यासकट, पुढच्या बाजूला चौकट लावून वापरा. मग वजनाचा विचार करून खालची फळी दुहेरी करा.

अहिरवाणी
मी बी हाईच करी राह्यनू भो, धागा भारी शे! अमळनेरात काम चालू आहे. बटणांचं सांगा कोणी. ऑनलाइन किट मागवलंय, त्यात दोन दांडे, वीस बटणं आणि एक छोटी हिरवी पट्टी आलीय.

रंधा
हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा. पॅनल चुकला तर बाकीचं कितीही देखणं असलं तरी कोणी दुसऱ्यांदा खेळणार नाही.

किटमधल्या दांड्याची लांबी पत्र्याच्या किंवा पातळ पॅनलसाठी असते. १८ एमएम प्लायखाली तो बसवलात तर वर दांडा बुटका उरतो, मूठ नीट बसत नाही. ज्यांच्याकडे राउटर आहे ते खालून खळगा कोरतात. आपल्याकडे नाही, म्हणून पॅनल दोन थरांचा करायचा. वर ६ एमएम प्लाय, खाली १२ एमएम. खालच्या १२ एमएमच्या फळीतून दांड्याच्या पत्र्याइतका आणि बटणांच्या गठ्ठ्याइतका भाग जिगसॉने पूर्ण कापून टाकायचा. मग दोन्ही थर चिकटवायचे. मजबुती १८ एमएमची, आणि दांडा-बटणांच्या जागी जाडी फक्त ६. चाप्याची बटणं, म्हणजे दाबून अडकणारी, ६ एमएमलाही कुरकुरतात. लाकडासाठी खालून नट आवळायची बटणं घ्या.

भोकाला होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची वाटीसारखी गोल करवत. किटमधली मोठी बटणं बहुतेक ३० एमएमची, स्टार्टची छोटी २४ ची. अमेरिकन पद्धतीची लांब मानेची बटणं असतील तर २८ च्या आसपास. बटण मोजल्याशिवाय होल सॉ घेऊ नका, आणि पहिलं भोक टाकाऊ तुकड्यावरच. वरून पाडायला घ्या, मधला ड्रिल खाली डोकावला की थांबा, फळी उलटी करून त्याच भोकातून उरलेलं खालून पूर्ण करा. कडा फाटत नाहीत. मशीन कमी वेगावर.

मेहरूण
बटणं किती हे खेळ बघून ठरवा. मुस्तफाला दांडा आणि दोन बटणं लागतात, मारायचं आणि उडी. १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ ला प्रत्येकी सहा. १९८० च्या पॅकमॅनला एकही नाही, पण त्याला चार दिशांचा दांडा लागतो. आठ दिशांच्या दांड्याने वळणावर तो अडकतो. बऱ्याच दांड्यांच्या खाली एक चकती असते, ती फिरवून चार-आठ बदलता येतं. घेताना तेवढं बघा.

भाच्यांसाठी असेल तर सहापेक्षा जास्त बटणं देऊच नका. जास्त बटणं म्हणजे लहान पोरं गोंधळतात आणि हातात काय येतंय हेच कळत नाही.

भुसावळ_डाऊन
अहिरवाणी, ती हिरवी पट्टी म्हणजे यूएसबी एन्कोडर. प्रत्येक बटणाच्या दोन वायरी त्यावर लागतात, आणि संगणकाला ती साधा जॉयस्टिक वाटते. सोल्डरिंग काहीच नाही. दोन खेळाडूंना दोन पट्ट्या. वायरींना कागदी चिठ्ठ्या लावा, नंतर एक बटण बंद पडलं की शोधायला बरं पडतं.

आय-३ पीसी असताना रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा संगणक) घेऊ नका. ८०-९० च्या दशकातल्या सपाट चित्रांच्या खेळांना तो पीसी भरपूर आहे. पाय घेणाऱ्यांसाठी इतकंच, पाय ४ ला ५ व्होल्ट ३ ॲम्पिअरचा नीट ॲडाप्टर लागतो, मोबाईलचा साधा चार्जर पुरत नाही. आणि ८० अंशांपुढे तो स्वतःचा वेग कमी करतो. आपल्या मे महिन्यात बंद पेटीत तो तिथे सहज पोचतो. म्हणून पेटीच्या मागे खाली भोकांची ओळ आणि वर एक १२ सेंमीचा पंखा, हवा बाहेर फेकणारा. गरम हवा वरच जाते, तिला वाट द्यायची.

लाईट जाण्याचंही बघा. खेळ चालू असताना लाईट गेली की मेमरी कार्ड किंवा हार्डडिस्क खराब होऊ शकते. छोटा यूपीएस खालच्या स्टँडमध्ये ठेवा, त्याचं वजनही स्टँडला स्थिर करतं. प्लग तीन पिनांचाच, एक्स्टेन्शन बोर्ड आत स्क्रूने पक्का.

लालपरी
एक विचारतो. खेळ कुठून आणायचे? डाउनलोड केलेले चालतात ना?

मेहरूण
चालतात, पण बहुतेकांचे हक्क कंपन्यांकडे आहेत आणि ते खेळ असे उतरवणं कायद्यात बसत नाही. मेम हा एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनचे खेळ संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर, १९९७ पासून चालू असलेला, तो स्वतः मोफत आणि कायदेशीर आहे. त्यांच्या संकेतस्थळावर रॉबी रोटो, ग्रिडली असे काही खेळ मालकांच्या परवानगीने मोफत ठेवलेले आहेत. कॅपकॉमचे जुने मारामारीचे खेळ २०१८ च्या बीट एम अप बंडलमध्ये विकत मिळतात, त्यात फायनल फाइट आणि कॅप्टन कमांडो आहेत. मुस्तफा मात्र त्यात नाही. तो एका कॉमिकच्या परवान्यावर बनला होता.

मी विकत घ्यायच्याच बाजूची आहे. ज्या माणसांच्या कामाने आपलं बालपण गोड झालं त्यांना चार पैसे जाऊ द्यावेत.

गिरणाकाठ
ताई, पटलं. बंडल घेतो.

रंधाभाऊ, तुम्ही पॅनलवर एवढा जोर दिलात म्हणून प्लाय आणायच्या आधी पुठ्ठ्याचा पॅनल केला. फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा, किटची बटणं त्यातच खोचली, एन्कोडर जोडला आणि डायनिंग टेबलाच्या कडेवर टेप लावून मी आणि मुलगी खेळायला बसलो. लगेच दिसलं ते असं: दांडा कडेच्या फार जवळ होता, मनगट हवेत लोंबकळत होतं. तो आत सरकवला तेव्हा हाताचा खालचा भाग पॅनलवर टेकला आणि दमणूक थांबली. बटणं मी सरळ ओळीत आखली होती, पण मुलीची बोटं तशी पडत नव्हती. तिचा हात पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलने बोटांची टोकं आखली तर कमान आली, मधलं बोट सगळ्यात पुढे. माझ्या हाताची कमानही तशीच, फक्त मोठी. दोन्हींच्या मधून बटणांचे मध्य धरले, एकमेकांपासून ३६ एमएम. पॅनलला थोडा उतार दिला, पुढची कड खाली. आता तीच पुठ्ठ्याची नक्षी प्लायवर चिकटवून भोकं पाडणार.

उंची मोठ्यांच्या हिशोबाने, पॅनल जमिनीपासून ९५ सेंमी. पोरांसाठी समोर पाट.

रंधा
पाट रुंद घ्या, पाय आत न घेता कडेला असलेला. आणि त्याला खाली रबर लावा, फरशीवर सरकतो.

पुठ्ठ्यावर केलंत ते उत्तम केलंत. मी गिऱ्हाईकाला स्वयंपाकघराचा ओटा करताना हेच सांगतो, आधी खडूने भिंतीवर आखा, रिकामं भांडं हातात घेऊन उभं राहून बघा.

अहिरवाणी
मी पण आजच पुठ्ठा शोधतो. रंगाचं काय केलं भाऊ कोणी? सनमायका की रंग?

रंधा
सनमायकाच्या कडा घासायला हात बसलेला लागतो. रंगच द्या. कडांना लांबी (पुट्टी) भरा, कारण प्लायच्या कडेची भोकं रंगात दिसतात. १२० चा सँडपेपर, मग २२०, प्रायमर, परत २२०, मग रोलरने ऑइल पेंटचे दोन पातळ हात. पुढच्या दिसणाऱ्या कडांना सागाची पातळ पट्टी चिकटवली तर रंगाशिवायही छान दिसते.

गिरणाकाठ
वरच्या पाटीवर मुलीने ‘आखाजी’ असं लिहून रंगवलंय, मागून लाईट लावायचाय. फ्लेक्सवाल्याकडून व्हिनाइलवर छापून घेतो. त्यामागे दुधी ॲक्रिलिक ३ एमएम पुरेल का? आणि लाईटची पट्टी किती अंतरावर?

भुसावळ_डाऊन
३ एमएम पुरेल. १२ व्होल्टची एलईडी पट्टी, ॲक्रिलिकपासून किमान ५-६ सेंमी मागे. त्याहून जवळ आणलीत तर एकेक दिवा ठिपक्यासारखा दिसतो. मागच्या फळीला पांढरा रंग द्या, उजेड सारखा पसरतो. पाटी स्क्रूने पक्की करू नका, वरून सरकवून काढता येईल अशी खाच दोन रिपांच्या मध्ये ठेवा. पुढच्या वर्षी मुलगी नवीन रंगवेल.